तोंडात पाणी धरलेलं घर

लोहाऱ्यातल्या आमच्या घरात एकदा पाच मोठी माणसं तोंडात पाणी धरून बसली होती आणि दात कुणाचाच दुखत नव्हता.

कारण होती ओवी, माझ्या दादाची पाच वर्षांची मुलगी. घरात ती कोंबड्यांनासुद्धा दम देते, पण परक्या माणसासमोर तोंडाला कुलूप. म्हणून वहिनी तिला धाराशिवच्या थेरपिस्ट मॅडमकडं घेऊन निघाली. सोबत आई आणि मी. ("ही इंग्लिश मीडियमची हाय, मॅडमशी बोलंल," असं आईचं मत. जीपमध्ये "जरा सरका" म्हणायलाही मी लाजते, हे तिच्या ध्यानात आलं नाही!)

मॅडम मराठीच बोलल्या. "ओवी, तुला खायला काय आवडतं?"

"शेंगदाण्याची चटणी," आई म्हणाली.

"आणि खेळतेस कुणाशी?"

"एकटीच खेळती," वहिनी म्हणाली.

"लाजाळू आहे ती," मी म्हणाले. (माझं त्या दिवसातलं एकमेव वाक्य!)

मॅडम हसल्या. "तिच्यात काही बिघडलेलं नाही. तिला वेळ लागतो, आणि तो तुम्ही कुणी देत नाही. तिला काही विचारलं की तुम्ही गप्प बसायचं."

"आन् ऱ्हावलं न्हाय तर?" आईनं विचारलं.

"मग तोंडात पाणी धरा."

त्याच रविवारी वहिनीचे तेर गावचे मामा आले. बसल्या बसल्या ओवीला म्हणाले, "काय गं, नाव काय तुझं?"

आई, आप्पा, दादा, वहिनी आणि मी, सगळे एकाच तांब्यावर तुटून पडलो! मामांनी एकेकाचे फुगलेले गाल पाहिले. "पाव्हणा आल्यावर पाणी पाव्हण्याला देत्यात, का आपणच पिऊन घेत्यात?"

आप्पांना हसू आवरलं नाही. त्यांचा घोट मामांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर!

या गोंधळात ओवीकडं फक्त माझं लक्ष होतं. तिच्या ओठांचा गोल झाला होता. आता "ओ" बाहेर पडणार... आणि ती शांतता मला सोसेना. मी घोट गिळला आणि ओरडले, "ओवी! ओवी नाव आहे तिचं!"

ओवीनं तोंड मिटलं आणि ती कोंबड्यांकडं निघून गेली.

"तुला आजच तोंड फुटायचं होतं व्हय?" दादा म्हणाला.

पुढं कितीतरी दिवस पाहुणा आला की ओवी माझ्याकडं बघायची, 'सांग की' म्हणून. मला ते फार लागायचं. शाळेत मीही असाच ओठांचा गोल करून उभी राहायचे आणि उत्तर शेजारची मुलगी देऊन टाकायची. म्हणजे घरात निदान मला तरी कळायला हवं होतं!

पुढच्या वेळी वहिनीनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी मला विचारलं, "त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटलं?"

माझ्या ओठांचा नुसता गोल झाला. आईनं तोंड उघडलं, तशी मॅडमनी पाण्याची बाटली तिच्यापुढं सरकवली. आईनं मुकाट्यानं घोट घेतला. मग ओवीनं ती बाटली ओढली, गाल फुगवले आणि माझ्याकडं बघत बसली. खूप वेळ! मी तिच्यासाठी थांबले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. शेवटी तिनं पाणी गिळलं आणि मॅडमना म्हणाली,

"आत्या लाजाळू हाय."

परक्या माणसाशी बोललेलं ओवीचं पहिलं वाक्य! आईच्या तोंडातलं पाणी सगळं टेबलावर.

पुढच्या सोमवारची वेळ मॅडमनी माझ्यासाठी ठेवली आहे. सोबत ओवी येतेय. मॅडमशी बोलणारं कुणीतरी हवं ना!