पोलंडचा सरदार आणि आमचा दादा

बहरीनला मनामात मी कामाला आहे त्या हॉटेलात एक पोलिश पाहुणा कादंबरी विसरून गेला. इंग्रजी भाषांतर, उशीएवढं जाड. वर्षभर कोणी मागायला आलं नाही, म्हणून मी ती घरी आणली आणि दर शुक्रवारी मुहर्रकला दादाच्या खोलीवर जाऊन त्याला मराठीत सांगू लागलो. दादा शाळेची बस चालवतो. वाचायचा त्याला भारी कंटाळा, पण गोष्ट म्हटली की समोरचा चहा गार झाला तरी पत्ता नसतो.

गोष्ट जुन्या काळातल्या एका सरदाराची. मस्तवाल, दारुडा. नशेत बापावर हात टाकतो, मग स्वतःचीच लाज वाटून दुसऱ्या नावाने लढाईत जातो, परक्यांची गावं वाचवत फिरतो. दादा मान खाली घालून ऐकायचा. त्यानेही दारू पिऊन बाबांना मारलं होतं, अख्ख्या वाडीसमोर. मग इथे आला तो आला, पुन्हा बाटलीला शिवला नाही. पण बाबा काही त्याच्या फोनवर यायचे नाहीत.

"मग बाप बोलला का त्याच्याशी?" त्याने विचारलं.

पुस्तकात तो परत येईपर्यंत बाप मेलेला होता. मी बेधडक खोटं बोललो. म्हटलं, बोलला, जवळसुद्धा घेतलं.

त्या भरवशावर दादाने गावी फोन लावला. बाबा अंथरुणाला खिळलेले. आईने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, माफी द्या," दादा म्हणाला.

बराच वेळ नुसती धाप. मग बाबांचा आवाज आला, "मफी."

मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. बाबा तरुणपणी इथेच गवंडीकाम करून गेलेले. लहानपणी आम्ही काही मागितलं की हाच शब्द तोंडावर मारायचे. दादाने फोन कट केला. शेजारी बसून मीही तेच ऐकलं होतं.

आठवड्याने बाबा गेले. दादाला रजा मिळत होती, पण तो हटून बसला. "नाही म्हणाले ना ते? मग मी कशाला जाऊ त्यांच्या चितेपाशी?" मी मिळेल त्या विमानाने एकटा गेलो आणि अग्नी दिला.

तेराव्याला आई म्हणाली, "माफी दिली म्हणत होते रे. शब्द धड फुटत नव्हता. तुम्हीच लगेच फोन ठेवलात."

परत आल्यावर मी दादाला सांगितलं. सांगायला नको होतं का, मला अजून कळत नाही.

"मग अग्नी मी द्यायचा होता रे," तो म्हणाला, आणि रडायला लागला.