भाकरतुकडा ओवाळलेला दगड

मी चौथीपर्यंत शिकलो. पिकावरची कीड ओळखायला मला कोणी शिकवलं नाही, अन् गरजही पडली नाही. पान उलटं करून पाहावं. कीड वर तोंड दाखवत बसत नसते.

आमचं घर जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अशा घराच्या पुढच्या खोलीत काचेची टाकी आहे अन् टाकीत समुद्र. तो पोरानं मांडला. दगडांवर प्रवाळ, म्हणजे जिवंत फुलंच, बटणाएवढी, हिरवी-गुलाबी. दिवा लावला की उमलतात. पोरगा नोकरीला परदेशी गेला अन् टाकी माझ्याकडे राहिली. फिल्टरच्या पाण्यात मी समुद्राचं मीठ कालवतो, काच पुसतो. शेजारचा माझा जुना सोबती ओट्यावरून म्हणायचा, "काऊन बे, घरची विहीर खारी, अन् तू गोड्या पाण्यात मीठ कालवून राह्यला? आपल्याच विहिरीची बादली ओत ना."

मी काच पुसत राहायचो. दर रविवारी पोराचा फोन येतो तो या टाकीपायी, हे सोबत्याला कशाला सांगू?

खरं तेच होतं. फोनवर चेहरा दिसला की पोराचं पहिलं वाक्य, "बाबा, टाकी दाखवा." मी फोन काचेपाशी धरायचो. तो एकेक फूल पाहायचा, हसायचा. जेवले का, हे शेवटी. त्याची माय गेल्यापासून आमच्यात दुसरं बोलणं उरलंच नव्हतं.

यंदा त्याचा मुंबईचा एक दोस्त इकडे येणार होता. पोरानं त्याला सांगून त्याच्या हाती प्रवाळाचा नवा दगड पाठवला, पिशवीत पाणी भरून. सांगितलं होतं, आधी वेगळ्या बादलीत ठेवा, औषधाच्या पाण्यात बुडवा, भिंगातून पाहा, मग टाकीत सोडा. बाजारातून आणलेलं ढोर मीही एकदम गोठ्यात घेत नाही, निराळं लिंबाखाली बांधतो. पण हे बाजारचं नव्हतं. पोराकडून आलं होतं. घरचं माणूस दुरून आलं की दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं अन् आत घ्यायचं. त्याची माय त्याच्यासाठी हेच करायची. मी पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळला अन् दगड टाकीत ठेवला.

पुढे फुलं मिटू लागली. आधी नव्या दगडावरची, मग जुन्यांवरची. मी उजेडावर ठपका ठेवला, मग मिठावर. शेवटी शेतात करतो तेच केलं. दगड उलटा केला अन् भिंग धरलं.

एक फूल चालत होतं.

गोगलगायीचीच जात, पण पाठीवर शंख नाही. अंगभर झालर अन् झालरीची टोकं हुबेहूब फुलाच्या रंगाची. ज्याला खाते त्याचाच रंग घेते. बुडाशी पांढऱ्या अंड्यांची गुंडाळी चिकटलेली. बोंडअळीला निदान स्वतःचा रंग असतो.

पोराला दाखवलं. त्यानं विचारलं, "औषधात बुडवला नव्हता का, बाबा?"

"भाकरतुकडा ओवाळला होता," मी म्हटलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडला नाही. औषधानं गोगलगाय मरते, अंडी मरत नाहीत, एवढं समजावून सांगितलं. मी हातमोजे घालून चिमट्यानं गोगलगायी वेचल्या, ब्रशनं अंडी खरडली, दगड पुन्हा पुन्हा औषधात बुडवले. सकाळी पाहावं तर नव्या निघालेल्या. एकेक दगड बोडका होत गेला.

"राहू द्या आता. बंद करून टाका टाकी," एका रविवारी तो म्हणाला. "तुम्हाले कायले तरास?"

"एक फूल आहे अजून."

"हाव," तो म्हणाला. मग विचारलं, "जेवले का?"

ते फूलही गेलं. टाकी मी बंद केलेली नाही. मीठ कालवतो, दिवा लावतो. सोबती येऊन पाहतो, पण विहिरीचं पाणी ओत असं म्हणत नाही. रविवारचा फोन कधी येतो, कधी नाही. आला की जेवले का, हेच पहिलं. मी हो म्हणतो. मग त्यालाही सुचत नाही अन् मलाही.

पोरानं पुन्हा दगड पाठवला तर मी पुन्हा भाकरतुकडा ओवाळूनच आत घेईन. पण तो पाठवणार नाही.