आमच्या खुणेवरची विहीर

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या भूगर्भशास्त्राच्या वर्गाला जामखेडकडच्या माळावर नेलं. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आम्ही कॉलेजची पोरं हातोड्या घेऊन दगड फोडत हिंडतोय! मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्याला मार्क होते. नमुना घेतला की तिथल्या खडकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि पुढं सरकायचं, ही सरांची शिस्त.

दोन-चार दिवसांनी त्याच वाटेनं परतलो तर एका ठिपक्याला हळदकुंकू लावलेलं, पुढं नारळ फोडलेला आणि शेजारी नवरा-बायको पहारीनं खणताहेत. त्या भागात पाणाड्या येऊन पाण्याची जागा सांगतो, खूण करतो आणि तिथंच पूजा करून विहीर खणायला घेतात. आधीच्या खेपेला आमच्या हातोड्या, नकाशे बघून त्यांनी आम्हाला सरकारी पाणाडे समजलं होतं.

"लई उपकार झालं," बाई म्हणाली. "समदं गाव जगायला भाईर गेलं. आमची सासू जागची हलत न्हाई, बैल गेलं, गाडी वडायची कुनी? तिला टाकून जायाचं ठरत हुतं. तेवढ्यात तुमची खूण दिसली."

सर माझ्याकडं वळले. "अरे, तू सांग. तू काष्टीकडचा, तुझं त्यांना कळेल."

असा संताप आला! वर्गात तास तास बोलणारा माणूस, इथं वाचा बसली होय! पण सांगणं भाग होतं. खाली सगळा सलग काळा पाषाण. भेग नाही, फट नाही, पाणी मुरणार कुठून?

"दादा, ही पान्याची खूण न्हाई," मी म्हणालो. "आमी शिकनारी पोरं. हितं पानी लागायचं न्हाई."

"मग कुठं लागंल?"

मी सरांकडं बघितलं. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली.

"ह्या माळावर कुठंच न्हाई, दादा."

"मग मुडद्यांनो, खुना कशाला करत हिंडता रं?" बाई कडाडली. तिचं बरोबरच होतं.

जवळच्या खोपटातून म्हातारीनं सगळं ऐकलं असावं. आतून तिचा आवाज आला, अगदी साधा. "न्हाई ना पानी? मग जावा की रं तुमी. मी ऱ्हाते हितं."

नवऱ्यानं पहार उचलली आणि पुन्हा त्याच खडकावर घालायला लागला.