आयर्लंडचा सगळ्यात भारी पिच्चर

पडेगावात माझ्या शेजारी एक भाई राहतात. पोरगी आयर्लंडला नर्स आहे, म्हणून हे तिथलेच पिच्चर बघतात. गोष्ट कशीबी असू द्या, त्यात शेजारी एकमेकांकडं गेले की भाई लई तारीफ करणार. माझी बायको गेल्यापासून मलाबी बोलावतात.

परवा म्हणाले, "अण्णा, सबसे भारी पिच्चर तुम्हाला नाय दाखवणार. त्यात म्हातारी मरते."

"माझी काय पिच्चरमधी मेली व्हय? लावा!"

म्हातारी मेली. तिकडच्या रीतीनं अख्खं गाव तिच्या घरात जमून तिच्या खोड्या सांगत हसलं. मीबी हसलो, आमच्या हिच्या दोन खोड्या सांगितल्या. भाई मात्र ढसाढसा रडले. मग उठून दोघांचा चहा मीच टाकला.