रिकाम्या गाडीचं वजन

माझ्या दाजींचा जगात कशावरच विश्वास नाही, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. हे खरं नाही. त्यांचा रिकाम्या गाडीवर विश्वास आहे, आणि तो इतका पक्का आहे की त्यापुढं देव, डॉक्टर, सरकार आणि माझी थोरली बहीण या सगळ्यांना रांगेत उभं राहावं लागतं. दाजी म्हणजे या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, ऊस उतरवून परत निघाली की रिकामी तोलायची, आणि दोन्हींतल्या फरकाला उसाचं वजन म्हणायचं, एवढंच ते काम. दुसरा माणूस असं काम करून संध्याकाळी हातपाय धुतो आणि विसरतो. दाजी ते घरी घेऊन आले. रिकामी गाडी बघितल्याशिवाय भरल्या गाडीबद्दल बोलायचं नाही, हा नियम त्यांनी तूप, पाहुणे, औषधं, लग्नाची स्थळं आणि पुढाऱ्यांची भाषणं, सगळ्यांना सारखाच लावला.

वडवणीच्या आठवडी बाजारात ते वांगी घ्यायला जातात तेव्हा आधी तराजूची दोन्ही पारडी रिकामी धरायला लावतात आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत वाकून बघत राहतात. तोवर मागचं गिऱ्हाईक पुढं येऊन चांगली वांगी निवडून घेऊन जातं. एकदा एका भाजीवालीनं वैतागून विचारलं, "काका, वांगी घ्यायची का तराजू?" दाजी म्हणाले, "तराजू बरा असंल तर वांगी घ्यायची." माझ्या लेकीला एक स्थळ आलं होतं. मध्यस्थ सांगत होता, मुलगा लई शांत हाय. दाजींनी विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "आवो, तासभर बसलो त्यांच्या घरी, पोरानं तोंडातून शब्द काढला न्हाई." "पाव्हण्यापुढं आमचा बैल बी शांत असतो," दाजी म्हणाले. "उपाशी असताना बघितला का त्याला?" मध्यस्थ चहा न पिता उठला. मी त्या दिवशी दाजींवर चिडले होते. पण तो शांत मुलगा पुढं निवडणुकीला उभा राहिला, आणि कर्णा नसतानाही शेजारच्या गावाला ऐकू जायचा, हेही सांगायला पाहिजे.

सगळ्यात जास्त सोसलं ते अक्कानं. तिचे गुडघे धरले होते. शेजारणीनं एक तेल आणून दिलं. पंधरा दिवस चोळल्यावर अक्का म्हणाली, गुण आला. दाजी म्हणाले, "कशावरून?" अक्का म्हणाली, "माझ्या गुडघ्यावरून." दाजींनी ऐकलं नाही. पुढं महिनाभर एकाच गुडघ्याला तेल लावायचं, दुसरा तसाच ठेवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. अक्का ओरडली, "एका गुडघ्यानं घर चालवू का मी?" पण लावलं तिनं, कारण तिला दाजींना हरवायचं होतं. महिन्यानं दोन्ही गुडघे बरे झाले. दाजी खुशीत म्हणाले, "बघ, तेलानं काय झालं न्हाई. उन्हाळा आला, थंडी गेली, म्हणून दुखायचं राह्यलं. न्हाईतर दुसरा गुडघा काय पहिल्याचं बघून बरा झाला?" अक्का शांतपणे म्हणाली, "एकाच अंगाचे हायत ते. तेल तिकडं उतरलं असंल." आणि तिनं त्या दिवसापासून दोन्ही गुडघ्यांना तेल लावायला सुरुवात केली. नवरा-बायकोच्या भांडणात दाजींचं बरोबर निघालेलं मी अनेकदा पाहिलं. जिंकलेलं एकदाही पाहिलं नाही.

मग दुष्काळ पडला. रानात ऊसच नव्हता, त्यामुळं कारखान्याचं गाळप झालं नाही आणि दाजी घरी बसले. तोलायला काही नसलेला काटेवाला घरात ठेवणं म्हणजे काय, ते अक्कालाच विचारावं. मी तेव्हा गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव होते. संस्थेच्या खोलीसमोर एक हापसा आहे. गावातले बाकीचे हापसे आटले होते, हा एकटा चालू होता. दूध गाडीत चढवून झालं की आदल्या दिवशीचे कॅन आम्ही तिथंच घासायचो, म्हशी तिथंच पाणी प्यायच्या. एका सकाळी बघते तर हापशाला वरपासून खालपर्यंत लाल रंग फासलेला, आणि शेजारच्या भिंतीवर लिहिलेलं, की हे पाणी पिण्यास व वापरण्यास अयोग्य आहे, टँकरचे पाणी वापरावे. नमुना तपासणीत दूषित निघाला म्हणे. दुपारपर्यंत बातमी दुधाच्या शीतकरण केंद्रावर पोचली. तिथला सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, पण म्हणाला, "ताई, लाल हापशावर धुतलेल्या कॅनातलं दूध मला घेता येत न्हाई. सोमवारपासून आणू नका." टँकर गावाच्या दुसऱ्या टोकाला यायचा आणि तो घरच्या हंड्यांनाही पुरत नव्हता. रानात काही नव्हतं. बायकांच्या घरात त्या साली जे मीठ-पीठ येत होतं ते दुधावर. दूध बंद होणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दाजी आले. लाल हापशाभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि विचारलं, "नमुना कुणी भरला?" ग्रामपंचायतीच्या शिपायाला बोलावून आणलं.

"कशात भरला?"

"बाटलीत की, दाजी."

"कसल्या?"

"खोकल्याच्या औषधाची होती. धुतलती चांगली."

"अन् भरली की लगेच देऊन आला?"

शिपायानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मेव्हण्याचं लगीन होतं. गाडीच्या डिकीतच राह्यली. लगीन उरकल्यावर दिली."

"डिकीत आणखी काय होतं?"

"आहेराचं लुगडं," शिपाई म्हणाला, आणि जरा थांबून म्हणाला, "अन् मटणाचा डबा."

"मग तपासणीत काय खराब निघालं? हापसा का डबा?"

बायका खदखदून हसल्या. आमच्या संस्थेतली कौसाबाई, जिच्या दोन म्हशींवर सात माणसं जेवत होती, ती पुढं येऊन म्हणाली, "दाजी, देवासारखे आलात बघा! सांगा त्या मेल्यांना, पाणी चांगलं हाय म्हणून." दाजी म्हणाले, "तसं मी म्हणलो न्हाई. चांगलं हाय का वाईट हाय, हे कुणालाच ठाऊक न्हाई, एवढंच म्हणलो." पण कौसाबाई तोवर निघून गेली होती. संध्याकाळी गावभर झालं, की दाजींनी हापशाचं पाणी अमृत असल्याचं सिद्ध केलं.

दुसऱ्या दिवशी ते मला एस.टी.त घालून वडवणीला घेऊन गेले. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, खबरदारी म्हणून सांगितलंय हो. नाही वापरलं ते पाणी, तर नुकसान काय?"

"नुकसान ह्या सचिवबाईंना विचारा," दाजी म्हणाले. मी दुधाचं सांगितलं. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. दाजींनी लगेच दुसरी गाडी काट्यावर चढवली. "अन् टँकरचं पाणी वापरा म्हणून लिव्हलंय. ते तपासलंय का?"

"टँकर सरकारी आहे, काका."

"गाडी कुणाची हाय, हे मी इचारलं न्हाई."

मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. पण मॅडमनी विचारलं, "मग काय करायचं म्हणता?" दाजींनी तीन बाटल्या मागितल्या. एक हापशाची, एक टँकरची आणि एक हापशाच्याच उकळलेल्या पाण्याची. "उकळलेलं कशाला?" मॅडमनी विचारलं. दाजींचा चेहरा असा उजळला, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते सगळा जन्म थांबले होते. "ती रिकामी गाडी," ते म्हणाले. "ती बी खराब निघाली, तर खोट बाटलीत हाय, पाण्यात न्हाई." मॅडमनी कपाटातून निर्जंतुक बाटल्या काढल्या, पुन्हा आत ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं देत नाही. मीच येते भरायला." त्या खरंच आल्या. निकाल येईपर्यंत दूध घ्यायला सुपरवायझरही तयार झाला, पण कॅन गरम पाण्यानं धुवायच्या अटीवर. बायका घरचं जळण घेऊन आल्या. ते किती दिवस पुरणार, हे चुलीकडं बघून कळत होतं.

निकाल आणायला दाजी एकटेच गेले. एस.टी.तून उतरले ते सरळ संस्थेच्या खोलीत. मी एकटीच होते. "उकळलेलं चांगलं निघालं," ते म्हणाले. "टँकर खराब. हापसा बी खराब."

मी दार लोटून घेतलं. "दाजी, कुणाला बोलला का?"

"न्हाई. आता सुपरवायझरकडं चाललो."

"जरा दम धरा. हप्त्याचं बिल निघू द्या. तोवर मी उभं राहून कॅन उकळत्या पाण्यानं धुवून घेते. कुणाचं वाईट होणार न्हाई."

"चांगलं हाय. तसंच कर. पण त्याला सांगून कर."

"सांगितलं तर तो बंद करील."

"करील."

"मग कावून सांगायचं?"

"काटा आपल्याला नको ते दाखवतोय म्हणून गाडी पुढं घेता येत न्हाई, सचिवबाई," ते म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. मी चहा टाकला होता. तो त्यांना दिला नाही.

दूध बंद झालं. मी त्या दिवशी बोलले ते चूक होतं असं मला वाटत नाही. उकळत्या पाण्यात जंतू मरतात हे दाजींच्याच तिसऱ्या बाटलीनं सांगितलं होतं. पण ते निघून गेल्यावर वाद घालायला समोर कुणी उरलं नव्हतं. कौसाबाईनं मात्र त्यांना भर चौकात गाठलं. "तुमाला कुणी सांगितलतं निजल्या सापाचं शेपूट ओढायला? लाल तर लाल, निदान शंका तरी होती. आता ती बी न्हाई!" दाजी म्हणाले, "शंका काय चाटायची होती का?" त्यानंतर कौसाबाई त्यांच्याशी बोलली नाही, आणि तिच्या मागोमाग बाकीच्याही बोलल्या नाहीत.

पडून राहिलेल्या दुधाचा खवा करायचं आम्ही ठरवलं. अक्कानं दाजींना अंगणात कढईपुढं बसवलं आणि हातात उलथणं दिलं. "बायकांचं दूध तुमच्यापायी राह्यलं. हलवा आता." त्या उन्हाळ्यात, धुरात डोळे पुसत, दाजी एक शब्द न बोलता खवा हलवत होते. पहिल्या दिवशी फक्त त्यांनी कढई चुलीवर चढवायच्या आधी रिकामी तोलायला मागितली होती. अक्कानं दुसरं उलथणं उगारलं, तेव्हा कढई तशीच चुलीवर गेली. खवा वडवणीला विकला गेला. दुधाएवढं त्यात सुटलं नाही, पण घरं चालली.

मॅडम पुन्हा आल्या आणि हापशाजवळ बराच वेळ उकिडव्या बसल्या. हापशाचा ओटा फुटला होता. आमच्या कॅनांचं धुणं, म्हशींचा चिखल, सगळं त्या फटीत साचायचं आणि तिथूनच खाली मुरायचं. आपलं पाणी आपणच घाण केलं होतं आणि तेच कॅनांना लावत होतो. हे ऐकल्यावर कुणीच कुणाकडं बघेना. दाजींनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. पहार घेऊन आले आणि जुना ओटा फोडायला लागले. थोड्या वेळानं कौसाबाईनं घमेलं उचललं. नवा ओटा झाला, पाणी लांब नेणारी नाली झाली, म्हशींचा हौद पलीकडं गेला. हापशात औषध टाकलं, आणि मॅडमनी टँकरमध्येही रोज पावडर टाकायला लावली. मग पुन्हा तीन बाटल्या गेल्या. तिन्ही चांगल्या आल्या आणि आमचं दूध सुरू झालं. पुढं कधी त्या सुपरवायझरनं आमच्या कॅनचं झाकण उघडून नाक लावलं नाही. हे दाजींमुळं झालं असं म्हणायचा मोह होतो. पण मी तसं म्हटलं तर ते विचारतील, कशावरून.

लाल रंग तेवढा तसाच राहिला. रंग लावायचा आदेश असतो, खरवडायचा नसतो. आता गावात नळ आहे, त्याला येईल तेव्हा पाणी येतं, आणि हापशाकडं फारसं कुणी जात नाही. दाजी मात्र रोज सकाळी जाऊन ओट्याला तडा गेलाय का बघून यायचे. गेल्या वर्षापासून त्यांचे गुडघे गेले आणि तेही थांबलं.

परवा संध्याकाळी अक्काकडं गेले होते. दाजी ओसरीत बाजेवर पाय लांब करून बसले होते. "ओटा कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला हाय."

"बघून आलीस?"

मी उठले. चप्पल घातली, हापशापर्यंत गेले, उजेड होता तोवर चारी बाजूंनी ओटा बघितला, नालीतला कचरा पायानं सरकवला आणि परत आले. "तडा न्हाई," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. तोवर अक्का तेलाची वाटी घेऊन खाली बसली होती. तेच तेल, शेजारणीचं. बसताना तिला दोनदा हात टेकावे लागले. ती दाजींचा उजवा गुडघा चोळत होती आणि दाजी डोळे मिटून होते.

"गुण येतोय का, दाजी?" मी विचारलं.

"लई."

इतकी वर्षं मी या संधीची वाट बघत होते. "कशावरून?" मी म्हटलं.

दाजींनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग गुडघ्यावर वाकलेल्या अक्काच्या पांढऱ्या डोक्याकडं बघितलं. हळूच डावा गुडघा पुढं केला.