पेटीतलं विहिरीचं पाणी

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसतेय. मी नांदेडची. वडील रेल्वेत फिटर, घरात अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत. भूत दिसलं म्हणणाऱ्याला वडील आधी चष्म्याचा नंबर तपासायला सांगायचे. मीही तशीच. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते वडिलांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतर ते या विषयावर विनोद करेनासे झाले. आणखी एक आधीच सांगून टाकते — मला तेव्हा भीती वाटली नव्हती. बरं वाटलं होतं.

माझं सासर जळकोटजवळचं एक खेडं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आता कामाला उस्मानाबादला जायला नको म्हणून पुरुष खूश होते. आम्हा बायकांना मात्र जिथं जायचं तिथंच जावं लागायचं, गावाबाहेर, शेतांमधल्या पांदीच्या वाटेच्या टोकाला असलेल्या विहिरीवर. दुष्काळानं बाकीच्या विहिरी आटल्या होत्या. हिचंही पाणी इतकं खाली गेलेलं की दोराला दोर जोडून सोडावा लागे. वर यायचं ते हिरवट, शेवाळाच्या वासाचं पाणी. तो वास मी कुठेही ओळखेन.

आमचे हे फौजेत हवालदार. मी त्यांची दुसरी बायको. पहिली सुशीलाअक्का, ती त्याच विहिरीवर गेली. पाय घसरला म्हणतात, आणि तसंच असावं. तिची मुलगी वंदी, ती मी आले तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. अक्काला मी कधी पाहिलं नाही. तिच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. सांगितलं ते शेजारच्या काशीबाईंनी.

"दर बारीला पेटी भरायची बिचारी," त्या म्हणाल्या. "दोनदा क्वार्टर मिळालं तुज्या नवऱ्याला. दोन्ही बारीला तुज्या सासूनं आडवलं. पानी कोन आनंल म्हनून. आन् तुजा नवरा म्हनायचा, पुढच्या पोस्टिंगला नेतो."

आमच्याकडे दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो, चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती ठोकलेला. सणाला नवं लुगडं आलं की आधी तिच्या नावानं टाकापुढे ठेवायचं, मग आपण नेसायचं. नांदेडला हे ऐकून मैत्रिणी हसल्या होत्या. मीही हसतच घातला तो टाक. पण काशीबाईंचं ऐकल्यावर मी सकाळी तोंड धुतलं की त्याला हात लावून दोन शब्द बोलायला लागले. श्रद्धा वगैरे नाही... त्या घरात बोलायला दुसरं होतंच कोण?

मग वंदी शाळेत जायला लागल्यावर ह्यांचं पत्र आलं. पंजाबातल्या एका छावणीत बदली झालीय, फॅमिली क्वार्टर मिळतंय, तयारीला लाग. मी किती तयारीला लागले म्हणून सांगू! शाळेतून वंदीचा दाखला काढून आणला. नांदेडहून लोकर मागवली आणि भर उन्हाळ्यात घामाच्या धारांत बसून तिचे स्वेटर विणले. गावातल्या बाया दारात थांबून हसायच्या. ह्यांची एक पेटी घरी होती, फौजी लोकांची असते तशी काळी पत्र्याची, वर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, ठिकाण. मी जुन्या ठिकाणाचं नाव खरवडलं आणि नवीन नाव स्वतःच्या हातानं ब्रशनं लिहिलं. पेटीत सगळ्यात खाली अक्काचं लुगडं घातलं. सासूबाईंनी चिंध्यांच्या गाठोड्यात कोंबलेलं, जांभळ्या काठाचं. पहिला मान तिचा म्हणून. त्यावर वंदीचे कपडे, मग माझे.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. एक दिवस मी सरपण घेऊन आले तर वंदी पांदीतून येत होती, डोक्यावर कळशी. सात वर्षांची पोर. मान कापत होती तिची.

"शिकू दे की," सासूबाई म्हणाल्या. "मी आता म्हातारी झाले."

त्या दिवशी मी ठरवलं की या पोरीला इथं ठेवायचं नाही. एक विहिरीनं नेली, दुसरी मी रोज मरते आहे, तिसरी मी देणार नव्हते.

हे सुटीवर आले. पहिले दिवस सगळं गोड. निघायचा दिवस जवळ आला तशी सासूबाईंनी अंथरूण धरलं. गुडघे गेले, चक्कर येते, एकलीच मरून पडेन... हे त्यांच्या उशाशी बसून राहिले आणि उठले ते माझ्याकडे न बघताच.

"माय एकली कशी राहील गं? पुढच्या पोस्टिंगला नेतो तुमाला."

तेच शब्द. हातातली पळी फेकून मारावीशी वाटली मला. ह्यांनी पेटी उघडली, माझे कपडे, वंदीचे स्वेटर बाजूला काढले. तळाचं लुगडं बघून क्षणभर थबकले. मग तेही काढलं आणि जमिनीवर टाकलं. स्वतःच्या वर्द्या, बिस्तर भरलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात.

मी फक्त टाक मुठीत धरला आणि म्हणाले, "बघितलंस ना?"

ह्यांना गाडी नांदेडहून होती. आदल्या दिवशी माझ्या माहेरी मुक्काम, म्हणून मी आणि वंदीही पोचवायला निघालो. पेटी ह्यांनी एकट्यानं उचलून एसटीच्या टपावर चढवली, एकट्यानं उतरवली. दुपारी माहेरी ह्यांनी वर्दीला इस्त्री करायला म्हणून कुलूप काढलं, झाकण उघडलं आणि तसेच मागे सरकले.

पेटी पाण्यानं भरलेली होती. काठोकाठ. बाहेरून पत्रा कोरडा, खालची फरशी कोरडी. वर्द्या त्या पाण्यात डोलत होत्या. वास आला, आणि मला ओळखायला क्षणही लागला नाही.

वडील गुडघ्यावर बसले. आयुष्यभर पत्रा, रिव्हेट, बोल्ट हेच केलेला माणूस. म्हणाले, "ही पाणी धरणारी पेटीच नाही." सांध्यांतून उजेड दिसतो, हे त्यांनी नंतर रिकामी करून दाखवलं. आम्ही पाणी ओतलं, ओसरी भरून वाहिलं. ज्या घरातून ती पेटी निघाली, त्या घरात त्या दिवशी प्यायला एकच घागर पाणी होतं.

हे म्हणाले, टपावर कुणाचं तरी सांडलं असेल. कपडे उन्हात वाळवले, पेटी पुसून पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर हमालानं ती डोक्यावर घेतली आणि चार पावलांत खाली ठेवली.

"साब, इसमें पानी है क्या?"

ह्यांनी प्लॅटफॉर्मवरच झाकण उघडलं. पुन्हा काठोकाठ. गाडी आली, माणसं चढली, आणि आमचे हे, दोन लढाया पाहिलेले, त्या पेटीशेजारी बसून राहिले. गाडी निघून गेली.

"काय पायजे तिला?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय विचारता," मी म्हणाले. "तिलाच विचारा. नाव तरी आठवतं का?"

सुटीचे दोन-तीन दिवस हाताशी होते म्हणून बरं. आम्ही गावी परत गेलो. लुगडं अजून तिथंच जमिनीवर पडलेलं. ह्यांनी ते स्वतः उचललं, झटकलं, घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवलं. मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि मला इतकं समाधान त्याआधी कधी झालं नव्हतं. मग वंदीचे स्वेटर, माझे कपडे. सासूबाई अंथरुणातून ताडकन उठल्या, दारात आडव्या झाल्या, शिव्याशाप दिले. गुडघे अगदी ठणठणीत होते. ह्यांनी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. पेटी पंजाबपर्यंत कोरडी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा सासूबाईंना पटकन ओळखलं नाही. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. काशीबाईंनी मला पांदीपर्यंत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"तुजी सासू घागर काठोकाठ भरती, म्या सोता उचलून देते डोक्यावर. घरी जाऊस्तोर रिकामी. थेंब न्हाई. घागर बदलून बघितली, वाटंवर वल बी न्हाई कुटं. आता आमीच लोटीभर देतो तिला, तर तेवढं टिकतंय."

वडील म्हणायचे, पत्र्याच्या पेटीचं काहीतरी शास्त्रीय कारण असेलही, त्यांना सापडलं नाही एवढंच. घागरीचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कारण शोधलंच नाही. मीही शोधायचं सोडलंय.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. माझ्या गळ्यातल्या टाकाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

"तुजं ऐकती ती," त्या म्हणाल्या. "तिला सांग माय, आता बस कर म्हनावं."

मी पदर सारखा केला, टाक आत घातला आणि बाहेर येऊन वंदीला हाक मारली. एसटी यायची वेळ झाली होती. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. अक्काला मी तो निरोप कधीच दिला नाही.