तिसऱ्या बॅटरीनंतर

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास, माझ्या काकांनी काजूच्या बागेतल्या एटीव्हीच्या चालकाकडे किल्ली मागितली आणि त्याला कामावरून जायला सांगितले. त्या वेळी बोंडू वेचणाऱ्या चार बाया तिथे उभ्या होत्या. मीही होतो.

बाग गोव्यात, पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठाराखालच्या उतारावर आहे. बोंडू, म्हणजे काजूची फळे, झाडाखाली पडतात, वेचले जातात आणि त्याच दिवशी खालच्या फेणीच्या भट्टीवर पोचावे लागतात. राहिले तर आंबतात. उतारावर टेम्पो चढत नाही, म्हणून काकांनी किनाऱ्यावरच्या एका भाड्याच्या धंद्यातून ही जाड टायरची, मोटरसायकलसारख्या हँडलची जुनी गाडी घेतली होती. चालक सीमेपलीकडचा, सिंधुदुर्गातला. चार हंगाम त्यानेच ती चालवली.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गाडीची बॅटरी मेली. दुसरी आणली, ती तीन आठवडे चालली. तिसरी त्या सोमवारी सकाळी निपचित पडली. पहिल्या वेळीच चालकाने काकांना सांगितले होते की गाडी बॅटरीला चार्ज देत नाही, दाखवून घ्या. काकांनी गाडी कोणाला दाखवली नाही. बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराला विचारले. दुकानदाराने गाडी न बघताच उलट विचारले, हँडलला मोबाइलचा सॉकेट आहे काय? सॉकेट होता. चालक त्यावर फोन लावून दशावतारी नाटके ऐकत असे, हे बागेत सगळ्यांना ठाऊक होते. दुकानदाराचा तो प्रश्न काकांनी निकाल म्हणून घरी आणला.

सोमवारी ते बायांसमोर म्हणाले, "तुझ्या दशावतारान माझ्यो तीन बॅटऱ्यो खाल्ल्यो. चावी चालू ठेवन निजतंस आणि वर गाडयेक दोष."

एक बाई हसली. ती चालकाच्याच वाडीत दिलेली होती.

"पयली गेली तेव्हाच मी सांगलंय, भाऊ," तो म्हणाला. किल्ली टाकीवर ठेवून तो उतार चालत उतरला.

मोबाइल चार्ज व्हायला जेवढी वीज लागते, तेवढ्याने गाडीची चांगली बॅटरी तीन आठवड्यांत मरत नाही, आणि गाडी चालू असताना तर नाहीच. हे मला तेव्हाही माहीत होते. मी तेव्हा बोललो नाही.

बुधवारी मी डिचोलीहून एका इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो. सुर्लेच्या खाणीवर खनिजाचे ट्रक चालत तेव्हा त्यांची वायरिंग करण्यात त्याची पंधरा वर्षे गेली होती. शेडमध्ये रांगेत ठेवलेल्या मेलेल्या बॅटऱ्या बघून त्याने विचारले, "तुझो काको बॅटऱ्यांचा दुकान घालतलो काय?"

त्याने स्वतःची पूर्ण भरलेली बॅटरी लावली. गाडी बंद असताना मीटरने १२.६ व्होल्ट दाखवले. गाडी चालू करून रेस दिली की आकडा चौदाच्या पुढे जायला हवा. तो १२.३ वर उतरला. म्हणजे गाडी बॅटरीला काहीच देत नव्हती, उलट तिच्यातले खात होती. चालक जे महिनाभर सांगत होता ते मीटरने सांगायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

मग त्याने इंजिनातल्या, वीज तयार करणाऱ्या कॉइलमधून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी सोडवल्या आणि दोन-दोन करून मोजल्या. तिन्ही आकडे सारखे. कॉइल चांगली. पुढे रेग्युलेटर, म्हणजे कॉइलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा डबा. त्याच्या बाहेर जाणाऱ्या वायरीपासून त्याच्याच अंगापर्यंत मोजले तर १४.३. म्हणजे रेग्युलेटरही चांगला. शेवटी मीटरचे एक टोक त्याने रेग्युलेटरच्या अंगावर टेकवले आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवे होते. दोन व्होल्ट दिसले.

या जुन्या गाडीत रेग्युलेटरची अर्थिंग त्याच्या अंगातूनच चॅसीला मिळते. इलेक्ट्रिशियनने त्याचे दोन बोल्ट काढले. खाली पत्रा नव्हता, हिरवा ऑइलपेंट होता, दोन हात दिलेला. बॅटरीची अर्थ वायर चॅसीला जिथे बसते, तिथेही तोच. रंगातून वीज जात नाही.

खंडेनवमीला बागेतल्या कोयत्या, पंप, फवारणीची टाकी, सगळे धुऊन रंगवून पूजेला मांडायची आमच्याकडे रीत आहे. या हंगामाआधीच्या खंडेनवमीला काकांनी एटीव्हीसुद्धा रंगवायला सांगितली. रंग नीट बसावा म्हणून भाग खोलले, चॅसी रंगवली, भाग पुन्हा रंगावरच बसवले. पुढे काजू लागेपर्यंत गाडी शेडमध्येच होती. ब्रश माझ्या हातात होता. चालक त्या दिवशी आपल्या गावी होता.

रंग सुरीने आणि पॉलिश पेपरने खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळले, वरून ग्रीस लावले. गाडी चालू केली. १४.२. दिवा लावल्यावर १४. मोबाइल सॉकेटला लावल्यावर आकडा हलला नाही. सगळे काम चाळीस मिनिटांत झाले. मेलेल्या तीनपैकी दोन बॅटऱ्या घरच्या चार्जरवर रात्रभर ठेवल्यावर पुन्हा कामाला आल्या.

मी काकांना सगळे आकडे सांगितले, ब्रश कोणाचा तेही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, बरे झाले, त्याला फोन करून ये म्हणून सांग.

चालक तोवर दोन बागांत काम विचारून आला होता. दोन्हीकडे बॅटऱ्यांची गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. चावी चालू ठेवून झोपणारा माणूस नको, असे एका ठिकाणी तोंडावर सांगितले. मी फोनवर त्याला रंगाचे सांगितले. त्याने एवढेच विचारले, "भाऊंनी ह्यां बायांच्या समोर सांगलां काय?"

मी नाही म्हटले. भाऊंनी बायांना सांगितले की येतो, असे तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायांना मीच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. त्याच्या वाडीतली बाई म्हणाली, "तुमी सांगान काय जातला? बोलले भाऊ, सांगूक व्हया भाऊंनी."

हे मी काकांना जसेच्या तसे सांगितले. हंगाम चालू आहे, बघू, असे ते म्हणाले. आठवड्याने पुन्हा विचारले. तेव्हा ते भट्टीकडे निघून गेले.

बोंडू मेच्या अखेरीपर्यंत पडले. गाडी मी चालवली. चारही बाया शेवटच्या दिवसापर्यंत कामावर होत्या आणि काका रोज सकाळी तिथे येत होते. बायांना त्यांनी रंगाचे काही सांगितले नाही.